खोडरबर नेमकं काय खोडतो?

लग्नपत्रिका असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की यूट्यूबवरच्या व्हिडिओचं चित्र असो, फोटोतला माणूस 'कट' करून त्यामागचं बॅकग्राऊंड 'उडवणं' हे आता फक्त डीटीपीवाल्याचं काम राहिलेलं नाही. मोबाईलवर बोट फिरवून कॉलेजातली पोरंही ते करतात. हत्यारं बदलली, पण मनातलं चित्र मात्र कात्री आणि डिंकाच्या काळातलंच राहिलं आहे. कात्रीनं कापलेला कागद केराच्या टोपलीत जातो, म्हणून पडद्यावर खोडलेलंही कुठंतरी गेलं, असं आपण धरून चालतो. बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. काही लोक नेमके उलट्या टोकाला असतात: कॉम्प्युटरवर काय, सगळंच परत आणता येतं! तेही खरं नाही.

"मागे राखाडी-पांढरे चौकोन दिसतात, म्हणजे चित्र पारदर्शक आहे"

नेटवर 'गणपती पीएनजी' शोधावं, चौकोनांच्या जाळीवर बसलेली सुरेख मूर्ती मिळावी आणि पत्रिकेवर ठेवली की ती जाळीसकट यावी, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाला आलेला आहे.

ती जाळी म्हणजे सॉफ्टवेअरनं पडद्यापुरती दाखवलेली खूण. ती फाईलमध्ये साठवली जात नाही आणि छापलीही जात नाही. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिचा रंग आणि आकार बदलता येतो, हवी तर ती बंदही करता येते. म्हणून एखाद्या फाईलबरोबर जाळी 'आली' असेल, तर कुणीतरी पडद्याचा फोटो घेऊन तो चित्र म्हणून सोडून दिला आहे, किंवा वेबसाईटनं नमुना म्हणून मुद्दाम जाळी छापलेलं चित्र ठेवलं आहे. पारखायला सोपं आहे: चित्राखाली एक लालभडक थर घाला. चौकोनांच्या जागी लाल दिसला तर पारदर्शकता खरी. नाही दिसला तर ते चौकोन गणपतीइतकेच चित्राचा भाग आहेत.

"पीएनजी आहे ना, मग बॅकग्राऊंड नसणारच"

पीएनजीमध्ये पारदर्शकता ठेवण्याची सोय आहे, सक्ती नाही. या फॉरमॅटचे रंगांच्या दृष्टीनं पाच प्रकार आहेत आणि त्यातल्या दोनांतच प्रत्येक ठिपक्यामागे पारदर्शकतेची वेगळी नोंद असते. बाकीचे तीन एकतर तिच्याशिवाय चालतात किंवा पारदर्शक रंगांची वेगळी यादी जोडून काम भागवतात. त्यामुळे पांढऱ्या बॅकग्राऊंडचा पीएनजी ही अगदी वैध, रोजची वस्तू आहे.

याचं धाकटं भावंड म्हणजे फाईलचं नाव बदलून जेपीजीचा पीएनजी करणं. नाव बदललं तरी आतला माल जेपीजीच राहतो, आणि बरीच सॉफ्टवेअर नावाकडे न बघता फाईलचे पहिले काही आकडे वाचूनच प्रकार ओळखतात. 'सेव्ह ॲज' करून खरोखरीचा पीएनजी बनवला तरी जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नव्हती, ती आता कुठून येणार? पारदर्शक लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो वाटेत जेपीजी होतो आणि समोरच्याला काळ्या किंवा पांढऱ्या चौकटीत मिळतो, तेही याच कारणानं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

"रबर फिरवला, म्हणजे तिथला रंग गेला"

इथे जरा थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पडद्यावरच्या चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. १९७७च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी त्यात चौथा आकडा घातला. त्यांच्यापुढची अडचण व्यवहारातली होती. कॉम्प्युटरनं एखादी वस्तू रेखाटायला बराच वेळ जायचा. तीच वस्तू दुसऱ्या पार्श्वभूमीवर हवी झाली की सगळा हिशोब पुन्हा. मग प्रत्येक ठिपक्याबरोबर 'हा मागचं किती झाकतो' एवढंच लिहून ठेवलं तर? वस्तू एकदा रेखाटायची आणि हव्या त्या पार्श्वभूमीवर ठेवायची. हा चौथा आकडा म्हणजे अल्फा. ० असेल तर ठिपका काहीच झाकत नाही, २५५ असेल तर पूर्ण झाकतो. पुढे १९८४ साली लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचं गणित पद्धतशीर मांडलं. या चौघांना त्यासाठी ऑस्करच्या तांत्रिक विभागाचा पुरस्कार १९९६मध्ये मिळाला. आज मोबाईलवरच्या कुठल्याही स्टिकरमागे तेच गणित चालतं.

तर, अल्फा असलेल्या थरावर जिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रबर फिरवला की बदलतो तो फक्त चौथा आकडा. लाल, हिरवा, निळा आपापल्या जागी तसेच असतात. ठिपका दिसत नाही, कारण तो आता काहीच झाकत नाही, एवढंच.

हे हातानं करून बघण्यासारखं आहे. जिंप फुकट मिळतं. एखादा फोटो उघडा, 'लेयर' मेनूतल्या 'ट्रान्स्परन्सी'मध्ये जाऊन 'ॲड अल्फा चॅनल' करा आणि चेहऱ्यावरून रबर फिरवा. चेहरा जाईल, चौकोन येतील. आता ऑल्ट कळ दाबून धरा आणि तोच रबर त्याच जागी फिरवा. डोळे, नाक, कपाळावरची टिकली, सगळं जागच्या जागी परत येईल. रबराच्या पर्यायांत याला 'अँटी इरेझ' म्हटलं आहे. हे अन्डू नव्हे, हा फरक महत्त्वाचा. अन्डू काळात मागे जातं: मधल्या वेळात केलेल्या वीस चांगल्या गोष्टीही सोबत घेऊन जातं. अँटी इरेझ फक्त हवी ती जागा उघडतं. कान जास्त कापला गेला असेल तर कानच परत आणायचा, तासाभराची बाकीची मेहनत तशीच ठेवायची.

याच रबराची दुसरी बाजू मात्र लोकांना नेहमी फसवते. जेपीजी उघडला आणि अल्फा न जोडताच रबर फिरवला तर चौकोन येत नाहीत, पांढरं होतं. जिंपला पारदर्शकता लिहायला जागाच नसते, म्हणून रबर बॅकग्राऊंडचा रंग फासतो. तो बहुधा पांढरा असतो. फोटोशॉपमध्ये 'बॅकग्राऊंड' नावाच्या कुलूपबंद थरावर हेच होतं. इथे मात्र रंग खरोखर गेला: जुने तीन आकडे पुसून त्यांच्या जागी २५५, २५५, २५५ आले. आता अँटी इरेझ कितीही फिरवा, खाली काही नाही. साधन तेच, हात तोच, एकात माल शाबूत आणि दुसऱ्यात नाहीसा. जिंपच्या लेयर यादीत ज्या थराला अल्फा नाही त्याचं नाव ठळक अक्षरांत दिसतं. तेवढं बघून रबर उचलावा.

"म्हणजे खोडलेलं केव्हाही परत मिळेल"

अँटी इरेझची जादू एकदा पाहिली की माणूस निर्धास्त होतो, आणि मग दुसऱ्या दिवशी फाईल उघडून हताश होतो.

रंग अल्फाखाली टिकून राहतो तो सॉफ्टवेअरच्या मेमरीत. फाईल कशी साठवली यावर पुढचं ठरतं. जिंपची स्वतःची एक्ससीएफ फाईल सगळं जपते. पीएनजी करताना मात्र निर्यातीच्या खिडकीत एक बारकी खूण असते, 'सेव्ह कलर व्हॅल्यूज फ्रॉम ट्रान्स्परंट पिक्सल्स'. ती नसेल तर पूर्ण पारदर्शक झालेल्या ठिपक्यांचे तिन्ही रंग शून्य करून टाकले जातात. असा पीएनजी पुन्हा उघडून अँटी इरेझ फिरवलं की चेहऱ्याच्या जागी काळा ठसा उमटतो. वेबपी फॉरमॅटचा नेहमीचा एन्कोडर तर मुद्दाम सांगितल्याशिवाय न दिसणारे रंग जपत नाही. फाईल लहान व्हावी म्हणून सोयीचे आकडे भरतो. पीएनजी आकसून देणारी साधनंही मागितल्यास अशीच झाडलोट करतात. त्यांच्या बाजूनं विचार केला तर बरोबरच आहे: जे दिसत नाही त्याला जागा का द्यायची?

आणखी एक आडवळण आहे, ते माहीत असलेलं बरं. अल्फा साठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत रंग वेगळा, अल्फा वेगळा, पीएनजी तसा आहे. दुसरीत रंगाला आधीच अल्फानं गुणून ठेवतात. पोर्टर आणि डफ यांनी हीच रीत घेतली, कारण एकावर एक चित्रं ठेवायचं गणित त्यात झटपट होतं. पण शून्यानं गुणलं की काहीही शून्यच. त्या रीतीत पूर्ण खोडलेल्या ठिपक्याचा रंग टिकणं शक्यच नाही, आणि अल्फा अगदी कमी असेल तर रंगाचे बारकावेही आठ बिटांच्या गोळाबेरजेत जातात. वेब ब्राऊझरमधला 'कॅनव्हास' सहसा याच रीतीनं चालतो. त्यामुळे ब्राऊझरमधल्या एखाद्या एडिटरमध्ये तुमचा पीएनजी नुसता उघडून पुन्हा उतरवून घेतलात, तरी लपलेले रंग वाटेत गळालेले असण्याची शक्यता दाट.

समजा, रंग शाबूत आहेत. तरी अँटी इरेझला एक गोष्ट ठाऊक नसते: आधी अल्फा किती होता. समईच्या ज्योतीभोवतीची प्रभा घ्या. ती मुळात वीस-तीस टक्केच झाकणारी, कडेकडे विरत जाणारी. चुकून खोडली आणि अँटी इरेझनं परत आणायला गेलात, तर ती पूर्ण गडद होऊन ज्योतीभोवती पिवळं टरफल तयार होतं. सावल्या, धूर, काच, साडीचा झिरझिरीत पदर या सगळ्यांचं हेच. रंग परत आला, पारदर्शकता मात्र आली नाही. अशा वेळी अन्डूच बरा.

आणि ज्या जागेवर कधी काही रंगवलंच नव्हतं, तिथे अँटी इरेझ फिरवलं की सहसा काळं येतं. लोक घाबरतात, फाईल बिघडली म्हणतात. बिघडलेलं काही नसतं, तिथे आकडेच शून्य होते.

"फोटोशॉपमध्येही तेच आहे, नुसतं नाव वेगळं"

फोटोशॉपच्या रबरातही ऑल्ट दाबलं की खोडलेलं परत येतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण फोटोशॉपचा रबर अल्फाखाली डोकावत नाही. तो हिस्टरी पॅनेलमधली जुनी स्थिती उचलून त्या जागी रंगवतो. त्या पर्यायाचं नाव 'इरेझ टू हिस्टरी' आहे आणि हिस्टरी ब्रशही याच भांडवलावर चालतो. यात फायदा असा की प्रभेसारख्या अर्धपारदर्शक जागा मूळ अल्फासकट परत येतात. तोटा असा की हिस्टरीच्या पायऱ्या मोजक्या असतात आणि फाईल बंद केली की सगळ्या जातात. मधे कधी फोटो क्रॉप केला किंवा आकार बदलला, तर जुनी स्थिती मापात बसत नाही आणि हिस्टरी ब्रश सरळ नकार देतो.

मग कायमची सोय कोणती? लेयर मास्क. नाव ऐकून नवखे लोक बिचकतात, शिकलेले लोकही घाईत टाळतात, आणि मला विचाराल तर या धंद्यातला सगळ्यात महागडा आळस हाच आहे. मास्क म्हणजे थराला जोडलेलं एक वेगळं काळं-पांढरं चित्र. त्यावर काळं फासलं की तेवढा भाग लपतो, पांढरं फासलं की दिसतो, करडं फासलं की अर्धवट. मूळ फोटोला हात लागत नाही. फाईल पीएसडी किंवा एक्ससीएफमध्ये ठेवली तर सहा महिन्यांनी 'साहेबांचा फेटा थोडा कापला गेलाय' असा फोन आला तरी पांढऱ्या ब्रशचं एका मिनिटाचं काम. अट एकच: घाईघाईत 'अप्लाय लेयर मास्क' म्हणायचं नाही. फोटोशॉपमध्ये ते म्हटलं की लपवलेला भाग थरातून खरोखर काढला जातो.

"पन्नास टक्क्यांवर दोनदा फिरवलं की पूर्ण जातं"

नाही. पन्नास टक्के म्हणजे दर वेळी जे उरलं आहे त्याचं अर्ध. पहिल्यांदा ५० उरतात, माऊस सोडून पुन्हा फिरवलं की २५, मग साडेबारा, मग सहा. पांढऱ्या कागदावर हे सहा टक्के दिसतच नाहीत. तेच चित्र गडद निळ्या फ्लेक्सवर गेलं की डोक्याशेजारी जुन्या भिंतीची भुताटकी उभी राहते. दहा फूट रुंदीवर छापल्यावर ती सगळ्यांना दिसते, आणि बोल बसतात छापणाऱ्याला. थर एकावर एक ठेवतानाही हाच हिशोब: प्रत्येकी पन्नास टक्के झाकणारे दोन थर मिळून शंभर नव्हे, पंचाहत्तर टक्के झाकतात.

"कडेला पांढरी रेघ राहिली, म्हणजे कापणाऱ्याचा हात कच्चा"

कधी कधी असतो. पण कितीही सराईत हात असला तरी केसांभोवती पांढुरकी झालर येते, आणि तिचं कारण एका ठिपक्यात सापडतं.

पांढऱ्या पडद्यापुढे काढलेला फोटो आहे. काळसर तपकिरी केसाचा रंग, समजा, ४५, ३५, २५. केस इतका बारीक की कडेच्या एका ठिपक्यात अर्धा केस आणि अर्धा पडदा आला. गॅमाची भानगड बाजूला ठेवून सरळ सरासरी धरली तर कॅमेऱ्यानं त्या ठिपक्यात टिपलं १५०, १४५, १४०, म्हणजे फिकट राखाडी. आता तुम्ही पडदा उडवला आणि अगदी बरोबर ओळखलंत की इथे अर्धाच केस आहे, अल्फा ५० टक्के हवा. तो दिलात. पण ठिपक्याचा रंग? तो अजून फिकट राखाडीच आहे. हे चित्र गडद लाल पार्श्वभूमीवर, समजा १२०, ०, २० वर, ठेवलं तर मिळतं १३५, ७२, ८०. केसाचा खरा रंग वापरला असता तर मिळालं असतं ८२, १७, २२. पहिला भुरकट गुलाबी, दुसरा गडद मरून. अशा हजार ठिपक्यांची रांग म्हणजेच ती झालर.

म्हणजे अल्फा बरोबर असूनही काम अर्धंच झालं. रंगातून जुना पडदा वजा करायचा राहिला. फोटोशॉपमधलं 'डीकंटॅमिनेट कलर्स' किंवा 'डीफ्रिंज' हे नेमकं यासाठी आहे. जिंपमधलं 'कलर टू अल्फा' एका दिलेल्या रंगासाठी दोन्ही गोष्टी एकदम करतं: अल्फा काढतं आणि रंगही धुतं. सही, शिक्का, कागदावरचं शाईचं रेखाटन यांना ते अप्रतिम. पण माणसाच्या फोटोवर पांढरा काढायला सांगाल, तर दात, डोळ्यांतला पांढरा भाग आणि सदऱ्याच्या घड्याही अर्धवट पारदर्शक होतील. त्याला पांढरा पडदा आणि पांढरा दात यांत फरक करता येत नाही. निवड आधी करून द्यावी लागते.

हे काम मुळातच का अवघड आहे, हे स्मिथ यांनी पुढे जिम ब्लिन यांच्याबरोबर १९९६ साली मांडलं. पडद्याचा रंग पक्का माहीत असला तरी प्रत्येक ठिपक्यात आपल्याकडे तीन आकडे असतात आणि शोधायच्या असतात चार गोष्टी: खऱ्या रंगाचे तीन आकडे आणि अल्फा. तीन समीकरणांतून चार अज्ञात निघत नाहीत, कुठलं तरी गृहीत धरावंच लागतं. मात्र तीच वस्तू न हलवता दोन वेगळ्या पडद्यांपुढे टिपली तर आकडे सहा होतात आणि उत्तर निघतं. आपलाच ठिपका घ्या. पांढऱ्यापुढे लाल आला १५०, काळ्यापुढे आला असता २२ किंवा २३. फरक सुमारे १२७. पूर्ण पारदर्शक जागेत तो २५५ आला असता, म्हणजे इथे अर्ध झाकलेलं आहे. अल्फा ५० टक्के, आणि साडेबावीसला अर्ध्यानं भागलं की केसाचा ४५ हजर. माणूस दोन फोटोंत तितका स्थिर बसत नाही, केस तर नाहीच. पण काचेची बाटली, चांदीची समई, अत्तराची कुपी अशा मालाचे फोटो काढणाऱ्यांनी ट्रायपॉड, एक काळं कापड आणि एक पांढरं कापड एवढ्यावर ही युक्ती करून बघावी. भिंगातून केस मोजत बसण्यापेक्षा बरं पडतं.

"पडद्यावर पारदर्शक, तर छपाईतही पारदर्शक"

छपाईयंत्राला अल्फा माहीत नाही. जिथे शाई पडत नाही तिथे कागद दिसतो. पत्रिका हळदी रंगाच्या कागदावर असेल तर देवाचा 'पांढरा' मुकुटही हळदीच होतो. टी-शर्टवरच्या डीटीएफ छपाईत उलटी अडचण: गडद कापडावर रंग उठावा म्हणून पांढऱ्या शाईचा थर दिला जातो. तुमच्या चित्रातले वीस टक्के झाकणारे मऊ सावलीचे ठिपके तिथे मळकट पांढऱ्या डागांसारखे उतरतात. म्हणून टी-शर्टवाला कडा कडक मागतो. तो अडाणी नसतो. जुन्या ईपीएस फाईलींना तर खरी पारदर्शकता ठाऊकच नव्हती. पीडीएफला ती २००१मध्ये १.४ या आवृत्तीपासून आली. प्रेस अजूनही 'फ्लॅटन करून द्या' म्हणते, ती अनुभवातून. द्यावी, पण थरांची मूळ फाईल आपल्याकडे ठेवून. फ्लॅटन केलेलं पुन्हा सुटं होत नाही.

"आता एआय आहे, पुसलेलं तो भरून आणतो"

भरून आणतो, परत आणत नाही. कापला गेलेला कान, पदराचा अर्धा काठ, मागची कमान हे सगळं तो आजूबाजूचं बघून नव्यानं रचतो. फ्लेक्सवर ढग वाढवायचे असतील तर उत्तम. पण आजोबांच्या एकमेव फोटोतला खोडलेला हात 'रिस्टोर' केला, तर तो हात आजोबांचा नसतो. बॅकग्राऊंड उडवणारी एआय साधनंही अल्फाचा अंदाजच बांधतात. बहुतेक वेळा झकास, पण मोकळ्या केसांत आणि गजऱ्यात चुकतात. म्हणून त्यांचं उत्तर शक्य तिथे मास्क म्हणून घ्यावं, कापलेलं चित्र म्हणून नव्हे.

"नंबर खोडला, आता पाठवायला हरकत नाही"

वरचं सगळं वाचल्यावर हे धोक्याचं का आहे, ते लक्षात येईल. आधार कार्डाच्या फोटोवरचा नंबर रबरानं खोडून पीएनजी केला आणि निर्यातीच्या खिडकीतली ती बारकी खूण लागलेली असली, तर ज्याला फाईल मिळेल तो ऑल्ट दाबून नंबर वाचेल. मोबाईलवर मार्कर फिरवणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. मार्कर नव्वद टक्के झाकणारा असेल तर पांढरा कागद २५ वर येतो आणि काळा अंक ० वर. डोळ्याला दोन्ही काळेच. पण ब्राइटनेस वर ओढला की पंचवीस पायऱ्यांचा फरक उलगडतो आणि अंक उभे राहतात. पीडीएफवर काळी पट्टी ठेवली तर पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा सरळ निवडून कॉपी करता येतो.

सॉफ्टवेअरवालेही यात चुकतात. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या 'मार्कअप'मध्ये क्रॉप केलेला स्क्रीनशॉट जुन्या फाईलवरच लिहिला जायचा, पण नवी फाईल लहान असली तर जुनीची शेपटी कापली जात नसे. त्या शेपटीतून क्रॉप केलेल्या भागाचा मोठा हिस्सा परत काढता येतो, हे सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी मार्च २०२३मध्ये जाहीर केलं. त्याच महिन्यात विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसंच निघालं. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी पाठवले गेलेले स्क्रीनशॉट जिथे गेले तिथे गेले.

झाकायचंच असेल तर शंभर टक्के गडद चौकोन भरावा, थर फ्लॅटन करावेत आणि नव्या नावाची जेपीजी पाठवावी. थरांची फाईल कधीच नाही. आधारच्या बाबतीत तर एवढाही खटाटोप नको: यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येतो, त्यात फक्त शेवटचे चार आकडे असतात आणि खोडायचं कामच उरत नाही.